दिवा पेटतो, तरी इशारा का?

जयपूर शहराची पूर्वेकडील वस्ती मागे पडली, की आग्र्याच्या हमरस्त्यावर सुमारे १५ किलोमीटरांवर कानोता हे गाव लागते. ठाकुरांची जुनी गढी, जवळच एक धरण, आणि रस्त्याच्या कडेने चहाची दुकाने, पंक्चर काढणारे, बॅटरीवाले व मोटारींचे सुटे भाग विकणारे, असे त्याचे रूप वाटसरूच्या नजरेस पडते. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ११ म्हणून ओळखला जाई. आता त्याचा क्रमांक २१ आहे. बस्सी, दौसा, भरतपूर अशी गावे घेत तो आग्र्यास पोचतो. जयपूर पाहून ताजमहालाकडे निघालेला महाराष्ट्रीय प्रवासी बहुधा याच वाटेने जातो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे या वाटेवर धुके उतरते आणि भरतपूरकडे जावे तसे ते दाट होत जाते. अशा वेळी पुढच्या वाहनाचा आकार दिसत नाही. त्याचे मागचे दोन तांबडे दिवे तेवढे दिसतात आणि मागून येणारा चालक त्या दोन ठिपक्यांवर भरवसा ठेवून अंतर राखतो.

अशाच एका पहाटेची कल्पना करावी. नाशिकचे एक कुटुंब स्वतःच्या मोटारीने राजस्थान पाहावयास आले आहे. अजमेर सोडल्यावर मागचा उजवा ब्रेक लाइट गेल्याचे कोणीतरी सांगितले, वाटेतल्या एका दुकानात पाच मिनिटांत नवा बल्ब बसला आणि जयपूरचा मुक्काम आटोपून मंडळी पहाटेच पुढे निघाली. कानोता येईपर्यंत दोन-चारदा ब्रेक दाबला गेला असेल, तोच डॅशबोर्डावर बल्बची एक पिवळी आकृती पेटली. गाडी कडेला घेऊन मुलाला मागे उभे केले.

“पेटतो का रे?”

“पेटतो, बाबा. दोन्ही पेटतात.”

दोन्ही दिवे पेटतात, तेव्हा दोष दिव्यात नाही. इशारा देणारे यंत्रच बिघडले असावे, असा निर्णय होऊन गाडी पुन्हा रस्त्याला लागते. हा निर्णय सरळ आणि स्वाभाविक वाटतो. तो चुकीचा कसा असू शकतो, आणि खरा दोष रस्त्याच्या कडेला उभे राहून कसा ओळखावा, हा येथील विषय आहे.

डॅशबोर्डावरील आकृत्यांच्या रंगांना ठरलेला अर्थ आहे. तांबडा रंग गाडी थांबवावयास सांगतो; तेलाचा दाब, ब्रेक, इंजिनाचे तापमान ही त्याची क्षेत्रे. हिरवा व निळा केवळ माहिती देतात. पिवळा या दोहोंच्या मधला. गाडी चालू ठेवता येईल, परंतु या गोष्टीकडे लवकर पाहा, असे तो म्हणतो. मधल्या माणसाचे म्हणणे नेहमीच कमी ऐकले जाते, तशीच या पिवळ्या दिव्याची गत होते. त्यातून तो एकदा विनाकारण पेटला असे वाटले, की मग कारण असतानाही त्याकडे कोणी पाहत नाही.

मूळ गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही, की हा इशाऱ्याचा दिवा प्रकाश पाहत नाही. मोटारीच्या मागच्या दिव्यासमोर कोणताही डोळा बसविलेला नसतो. पाहिला जातो तो केवळ तारेतून वाहणारा विद्युत्प्रवाह. कार्यालयातील हजेरीचा कारकून माणसांचे चेहरे न पाहता पटावरील सह्या मोजतो, तसा हा प्रकार आहे. सही असेल तर माणूस हजर. मग तो खुर्चीवर झोपलेला का असेना. आणि माणूस खुर्चीवर काम करीत असला, पण त्याची सही पटावरील नमुन्यासारखी नसली, तर तो गैरहजर!

सह्यांचा नमुना कोणता, तर जुन्या तारेच्या बल्बाचा. मोटारीच्या ब्रेक लाइटात किंवा इंडिकेटरात असलेला नेहमीचा बल्ब २१ वॅटांचा असतो. गाडीची बॅटरी १२ व्होल्टांची धरली, तर त्यातून सुमारे १.७५ अँपियर प्रवाह वाहतो. पार्किंगच्या दिव्याचा बल्ब ५ वॅटांचा; त्याला सुमारे ०.४ अँपियर पुरतो. बल्बातील टंगस्टनची तार तुटली, की प्रवाह शून्य होतो. तेव्हा १.७५ अपेक्षित असताना काहीच वाहत नसेल, तर दिवा गेला, हे अनुमान बिनचूक ठरते. जोवर प्रत्येक गाडीत प्रत्येक जागी नेमून दिलेलाच बल्ब होता, तोवर या अनुमानाला बाध येत नव्हता.

या तत्त्वाचा पहिला अनुभव जुन्या मोटारचालकांना डॅशबोर्डावर न येता कानांनी आला. इंडिकेटर लावला की टिक्‌टिक्‌ असा आवाज होतो, तो फ्लॅशर नावाच्या एका लहानशा डबीतून येत असे. जुन्या फ्लॅशरमध्ये दिव्यांकडे जाणाऱ्या प्रवाहानेच एक पट्टी किंवा तार तापे, ताणली जाई, संपर्क तुटे. निवली की पुन्हा जुळे. म्हणजे इंडिकेटरचा ताल दिव्यांच्या प्रवाहावरच अवलंबून होता. एक बल्ब गेला की प्रवाह घटे आणि ताल बिघडे. कोठे तो मंदावे, कोठे दिवा न लुकलुकता पेटूनच राही. अँबॅसडर आणि फियाट यांच्या काळात डॅशबोर्डावर मोजकेच दिवे असत, पण टिकटिक बदललेली ऐकून मागचा बल्ब गेल्याचे सांगणारे टॅक्सीवाले मुंबईत आणि कलकत्त्यात पुष्कळ होते. पुढे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आले तेव्हा हा लाभ मुद्दाम राखून ठेवण्यात आला. वाहनांच्या दिव्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत इंडिकेटरची गती मिनिटास ९०, त्यात ३० कमी किंवा अधिक, अशी ठरलेली आहे. आणि दिवा गेल्यास चालकाला त्याची जाणीव व्हावी म्हणून ही गती स्पष्टपणे बदलावी किंवा खुणेचा दिवा विझावा अथवा स्थिर राहावा, अशी तरतूद आहे. म्हणून आजच्या गाडीत इंडिकेटरचा एक बल्ब गेला, की दुसरा जवळजवळ दुप्पट वेगाने, घाबरल्यासारखा, लुकलुकू लागतो.

येथे थोडे गणित उपयोगी पडेल. एका बाजूच्या इंडिकेटरात पुढे २१ वॅट, मागे २१ वॅट आणि अंगाला ५ वॅट, असे ४७ वॅटांचे दिवे असतात. प्रवाह सुमारे ३.९ अँपियर. मागचा बल्ब जळाला तर उरतात २६ वॅट, म्हणजे सुमारे २.२ अँपियर. फ्लॅशर या दोन आकड्यांच्या मध्ये कोठेतरी आपली मर्यादारेषा ठेवतो. आता मागच्या जागी कोणी ३ वॅटांचा एलईडी बल्ब बसविला. तो उत्तम प्रकाश देतो. पण बेरीज होते २९ वॅट, म्हणजे २.४ अँपियर. ही संख्या मर्यादारेषेच्या पुष्कळच खाली आहे. फ्लॅशरच्या दृष्टीने मागचा दिवा मेलेला आहे, आणि इंडिकेटर धावू लागतो. यात कोणाचेच काही बिघडलेले नाही. नवा बल्ब कमी वीज खातो हा त्याचा गुणच येथे दोष म्हणून नोंदला जातो.

इशारा देण्याची आणखी एक जुनी रीत मोठी मनोरंजक आहे. १९७० व १९८० च्या दशकांतील स्वीडनच्या व्होल्वो गाड्यांत डाव्या आणि उजव्या दिव्यांचा प्रवाह एका लहानशा रिलेमधून नेलेला असे. दोन्हींची वेटोळी परस्परविरुद्ध दिशांनी गुंडाळलेली. दोन्ही प्रवाह समान असले, की त्यांचे चुंबकत्व एकमेकांस खोडून काढी आणि आतला नाजूक संपर्क स्वस्थ राही. एका बाजूचा प्रवाह घटला, की तराजू झुके आणि डॅशबोर्डावर दिवा पेटे. हा तराजू इतका हळवा होता, की एका बाजूस जुना व दुसऱ्या बाजूस नवा बल्ब, किंवा दोन बाजूंना दोन निरनिराळ्या कारखान्यांचे बल्ब बसविले तरी कधीकधी तो झुकत असे. दोन्ही दिवे पेटलेले, आणि इशाराही पेटलेला! म्हणून त्या गाड्यांचे जाणते मालक बल्ब नेहमी जोडीने बदलत. अजूनही हा नियम पाळण्यासारखा आहे, मग गाडी कोणतीही असो. एक तार आयुष्य संपवून तुटली, तर तिच्याच दिवशी बसविलेली दुसरी फार काळ मागे राहत नाही.

आजच्या गाडीत तराजूचे काम एक संगणकीय नियंत्रक करतो. दिवा पेटलेला असताना तो प्रवाह मोजतोच. पण काही गाड्यांत दिवा बंद असतानाही तो मधूनमधून क्षणार्धाचा विजेचा धक्का देऊन तार शाबूत आहे की नाही, हे चाचपून पाहतो. टंगस्टनची तार थंड असताना तिचा विरोध तापलेल्या तारेच्या सुमारे एकदशांश किंवा त्याहूनही कमी असतो. चाचपणी इतकी अल्पकालीन असते, की तारेला लाल होण्यासही अवसर मिळत नाही. एलईडीला मात्र तापावे लागत नाही. त्यामुळे अशा गाडीत एलईडी बल्ब बसविला, की गाडी बंद करून कुलूप लावल्यावरही तो दिवा मंदपणे लुकलुकत राहतो आणि सोसायटीच्या पहारेकऱ्याला उगीच संशय येतो. ही खूण निदानाला फार उपयोगी आहे. दिवा बंद असताना तो लुकलुकत असेल, तर इशाऱ्याचे कारण बहुधा त्या बल्बातच शोधावे.

आता विसंगत बल्बांचे प्रकार. एलईडीविषयी सांगून झाले. पण एलईडी नव्हे, तर तारेचेच बल्बही परस्परांत विसंगत असू शकतात, आणि तेथे फसगत अधिक होते. कारण ते दिसतात सारखे. ५ वॅटांचा, १० वॅटांचा आणि २१ वॅटांचा, हे तिन्ही बल्ब पितळी टोपीवर समोरासमोर दोन खिळे असलेल्या एकाच मापात मिळतात. ५ वॅटांचा बल्ब ब्रेक लाइटच्या होल्डरात सुखाने बसतो, पेटतो, पण मिणमिणतो. उलट ५ वॅटांच्या जागी २१ वॅटांचा बसविला तर प्रकाश भरपूर पडतो आणि काही महिन्यांत होल्डर व काच, जी आता प्लॅस्टिकची असते, उष्णतेने वाकडी होते.

त्याहून चकविणारा प्रकार हमरस्त्यावरच्या दुकानांतच संभवतो. जड मालमोटारी २४ व्होल्टांवर चालतात. त्यांच्या बल्बांची टोपी तीच, खिळे तेच, वॅटही २१. फरक केवळ पितळेवर बारीक उमटविलेल्या एका आकड्याचा. २४ व्होल्टांचा असा बल्ब १२ व्होल्टांच्या गाडीत बसला, तर त्यातून १.७५ ऐवजी सुमारे ०.६ अँपियर प्रवाह वाहतो. प्रवाह तिसऱ्या हिश्श्यावर येतो, पण प्रकाश त्याहून कितीतरी अधिक घसरतो. तो साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. तारेचे तापमान थोडे उतरले, की प्रकाश फार उतरतो, हा या दिव्यांचा धर्म आहे. अशा दिव्याजवळ दोन हातांवर उभे राहून पाहणारा मुलगा “पेटतो” असे म्हणेल, आणि ते खोटे नसेल. पण धुक्यात पन्नास मीटरांवरून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकाला तो दिवा नसल्यासारखाच आहे.

नाशिकच्या त्या गाडीत हेच घडले आहे, असे धरून चालू. म्हणजे इशारा खोटा नव्हता. खोटा होता तो प्रश्न. “पेटतो का?” असे न विचारता “दोन्ही सारखे पेटतात का?” असे विचारावयास हवे होते.

बल्बांच्या खिळ्यांविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यांची योजना मोठ्या विचाराने केलेली आहे. एकाच काचेत दोन तारा असलेला, म्हणजे पार्किंगसाठी ५ आणि ब्रेकसाठी २१ वॅटांचा बल्ब घेतला, तर त्याचे दोन खिळे समोरासमोर असले तरी कमी-अधिक उंचीवर असतात. तो उलटा बसूच नये म्हणून. इंडिकेटरच्या नारिंगी काचेच्या बल्बाचे खिळे एका उंचीवर, पण नेमके समोरासमोर नसून १५० अंशांच्या कोनात असतात. त्याच्या जागी पांढरा बल्ब जाऊ नये म्हणून. तरीही घाईत जोर लावून हे बल्ब बसविले जातात. एका तारेचा बल्ब दोन तारांच्या होल्डरात दाबून बसविला, तर त्याच्या बुडाचा एकच ठिपका होल्डरातील दोन्ही संपर्कांना जोडून टाकतो. मग ब्रेक दाबला की पार्किंगचे दिवे पेटतात, पार्किंग लावले की ब्रेक लाइट. आणि नियंत्रकाला नको त्या तारेवर वीज दिसून तो निरनिराळे इशारे देऊ लागतो. काही गाड्यांत यामुळे वेग स्थिर राखणारी क्रूझ कंट्रोलची सोयही बंद पडते. तक्रार वेगाची आणि कारण मागच्या दिव्यात, असा हा प्रकार! दोन तारांच्या बल्बातील एक तार तुटून दुसरीवर पडली तरी हीच लक्षणे दिसतात.

याच लक्षणांशी मिळतेजुळते पण कारणाने अगदी वेगळे असे एक दुखणे आहे, आणि अर्धवट जाणत्याची चूक होते ती येथे. दिव्यात गेलेली वीज परत जाण्यासाठी गाडीच्या पत्र्याशी जोडलेली अर्थची तार असते. ती सैल झाली किंवा गंजली, की परतीची वाट बंद होते. वीज मग दुसरी वाट शोधते. ब्रेकच्या तारेतून आलेली वीज त्याच दिव्यातील पार्किंगच्या तारेत उलटी शिरते आणि दुसऱ्या बाजूच्या दिव्यातून, किंवा नंबर प्लेटच्या दिव्यातून, पत्र्याला पोचते. परिणाम असा, की इंडिकेटर लावला तर पार्किंगचा दिवाही त्याच्याबरोबर मंद लुकलुकतो. येथे बल्ब कितीही बदलले तरी उपयोग नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत वाढलेल्या गाडीत हा दोष फार आढळतो. राजस्थानच्या कोरड्या हवेत गंज कमी, पण होल्डरात साचलेली बारीक धूळ संपर्क बिघडविते.

तेव्हा कानोत्याला, चहाच्या दुकानापाशी, हाती फार साहित्य नसताना निदान कसे करावे? पहिला प्रश्न यंत्राला नव्हे, माणसाला विचारावयाचा असतो: अलीकडे कोणता बल्ब बदलला? इशारा त्यानंतर लागला असेल, तर निम्मे निदान झाले. चांगला मिस्त्री हुड उघडण्यापूर्वी हे विचारतो, आणि गिऱ्हाईक पुष्कळदा “काहीच बदलले नाही” असे सांगते. कारण बल्ब बदलणे ही गोष्ट त्याच्या हिशेबीच नसते.

यानंतर गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी. पहाटेच्या वा सायंकाळच्या अंधुक उजेडात भिंतीवर पडणारे दोन तांबडे ठसे शेजारी शेजारी दिसले, की त्यांतील अंतर लपत नाही. भिंत नसेल तर पंधरावीस पावले मागे जाऊन पाहावे. एक फिका असेल तर दोन शक्यता: बल्ब विसंगत किंवा अर्थ कच्चा. त्यांतील निवाडा अदलाबदलीने होतो. डावा बल्ब काढून उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवावा. फिकेपणा बल्बाबरोबर डावीकडे गेला, तर दोष बल्बाचा. तो उजवीकडेच राहिला, तर दोष होल्डराचा, तारेचा किंवा अर्थचा. या परीक्षेला दमडीचा खर्च नाही, आणि तिच्याइतकी विश्वसनीय दुसरी परीक्षा नाही. महागड्या उपकरणांनी तासभर शोध केल्यावरही मिस्त्री शेवटी हीच करतो.

बल्ब हातात आलाच आहे, तर त्याच्या पितळेवरील अक्षरे चष्मा लावून वाचावीत: व्होल्ट किती, वॅट किती. होल्डरातील संपर्क काळे पडले असतील तर ते बारीक पॉलिश पेपरने घासावेत. काच बोटांनी धरू नये, फडक्याने धरावी. ब्रेकच्या बल्बाला ते तितकेसे घातक नाही, पण हेडलाइटच्या हॅलोजन बल्बाला बोटांचा तेलकटपणा खरोखरच सोसत नाही. पाचरीसारख्या बुडाचा लहान एलईडी बल्ब मुळीच पेटत नसेल, तर तो काढून उलटा बसवावा. तारेच्या बल्बाला वीज कोणत्या बाजूने आली याचे सोयरसुतक नसते, एलईडीला असते. दुरुस्ती झाल्यावर किल्ली पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावी आणि एकदोनदा ब्रेक दाबावा. काही नियंत्रक दिवा पुन्हा तपासल्याशिवाय जुना इशारा पुसत नाहीत, आणि काहींच्या स्मरणात राहिलेली नोंद स्कॅनर लावून काढावी लागते.

एलईडीच बसवावयाची हौस असेल, तर तिच्यासाठी बाजारात एक तोडगा मिळतो, आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. तो तोडगा म्हणजे बल्बाला समांतर जोडावयाचा विरोधक, ज्याला दुकानात लोड रेझिस्टर म्हणतात. साधारणतः तो ६ ओहमांचा असतो. इंजिन चालू असताना गाडीतील दाब १४ व्होल्टांच्या आसपास असतो. त्या दाबाने या विरोधकात सुमारे ३३ वॅट वीज जळते. नियंत्रकाला हवा तेवढा प्रवाह दिसतो आणि इशारा विझतो. एलईडीने वाचविलेली वीज अशा रीतीने दामदुपटीने जाळून टाकली जाते, हा विनोद बाजूला ठेवला, तरी दोन गोष्टी उरतात. ही ३३ वॅट उष्णता एका बोटाएवढ्या तुकड्यातून बाहेर पडते. जयपूरच्या रहदारीत ब्रेकवर पाय ठेवून पाच मिनिटे उभे राहिले, तर तो हात लावण्याजोगा राहत नाही. तो प्लॅस्टिकला किंवा तारांच्या जुडग्याला चिकटवून बांधला असेल, तर ते वितळते. तो उघड्या पत्र्यालाच कसावा लागतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. विरोधक जोडल्यावर नियंत्रक विरोधकाचा प्रवाह मोजतो, दिव्याचा नव्हे. उद्या तो एलईडी बल्ब खरोखरच मेला, तरी विरोधक आपली सही रोजच्या रोज करीतच राहणार, आणि डॅशबोर्डावर काहीही उमटणार नाही. खोट्या इशाऱ्याचा त्रास घालविण्यासाठी खऱ्या इशाऱ्याचीच वाट बंद केली जाते. ‘कॅनबस’ या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक एलईडी बल्बांत हाच विरोधक आत दडविलेला असतो. तेथेही ही शंका राहतेच. इंडिकेटरपुरते बोलावयाचे, तर ज्या गाडीत फ्लॅशर सुटा असतो, तीत एलईडीसाठी केलेला फ्लॅशर बसविणे हा विरोधकाहून बरा मार्ग आहे. ताल नियमित राहतो आणि काही तापत नाही. मात्र त्यातील पुष्कळसे फ्लॅशर एक दिवा गेल्याचे सांगत नाहीत. ज्या गाडीला कारखान्यानेच एलईडी दिले आहेत, तिची गोष्ट वेगळी. तिच्या नियंत्रकाला त्या अल्प प्रवाहाची ओळख आधीच करून दिलेली असते.

हेडलाइटमध्ये हॅलोजनच्या जागी एलईडी बसविण्याची चाल तर सर्वथैव टाळण्याजोगी आहे. तेथील परावर्तक तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. प्रकाशाचा उगम किंचित हलला, की समोरच्याचे डोळे दिपतात आणि स्वतःचा रस्ता अंधारात राहतो.

ज्या गाडीत नेमून दिलेला बल्ब बसला आहे, तीत मात्र पिवळ्या आकृतीवर विश्वास ठेवता येतो. नाशिकच्या कुटुंबाला अदलाबदलीत फिकेपणा डावीकडे गेलेला दिसला. पितळेवर २४ हा आकडा सापडला. आणि कानोत्याच्याच एका दुकानातून १२ व्होल्टांचे दोन बल्ब, जोडीने, बसवून घेण्यात आले. खर्च एका ताटाच्या जेवणाहूनही कमी झाला असेल.

त्या बल्बांची नोंद करावयाची राहिली, तर मात्र पुढच्या मिस्त्रीला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागेल. कानोत्याच्या बाबतीत ही गोष्ट सहज आठवते, कारण याच घराण्यातील ठाकुर अमरसिंह यांनी १८९८ पासून १९४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४४ वर्षे, इंग्रजीत रोजनिशी लिहिली. तिचे ८९ खंड झाले. लॉइड आणि सुझॅन रुडॉल्फ या अमेरिकन अभ्यासक दांपत्याने मोहनसिंह कानोता यांच्या साहाय्याने तिच्यातील निवडक भाग पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. मोटारीला ८९ खंड नकोत. ग्लव्ह बॉक्समध्ये एक लहानशी वही असावी आणि तीत तारीख, कोणता दिवा, कोणत्या बाजूचा, किती व्होल्ट, किती वॅट आणि गाडी किती किलोमीटर चालली होती, एवढी एक ओळ लिहावी. विरोधक बसविला असेल तर तो कोणत्या तारेला, हेही त्याच ओळीत यावे. कारण गाडी विकली गेली, की तो तेथे आहे हे सांगणारे दुसरे कोणी राहत नाही.